किल्ली दामाजीपंतांच्या कमरेला होती



विटा, खानापूर, आटपाडी हा आपला सगळा टापू पर्जन्यछायेतला. पाऊस हुलकावणी देतो म्हणून इथली पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि केरळपासून कोलकात्यापर्यंत पांगली. आज देशभरच्या सराफ पेठांत गलाईवाला म्हटलं की विट्याकडचाच माणूस आठवतो. पोरगा पहिल्यांदा परमुलखाला निघतो तेव्हा आई म्हणते, ‘नशिबात असंल तसं हुईल.’ आणि म्हणता म्हणता शिदोरी बांधत असते. नशीबही मानायचं आणि गाडीही चुकवायची नाही, यात आपल्याला कधी विसंगती वाटली नाही.

शास्त्रानं याची वाटणी करून ठेवली आहे. मागचं साठलेलं ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला आलेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता आपण करतो ते क्रियमाण. मग देवाची कृपा यात कुठं बसते? पंडितांचे यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत. वारकऱ्यांनी वाद न घालता गोष्ट सांगितली.

विट्याहून आटपाडी, सांगोला ओलांडलं की मंगळवेढा. तिथल्या बादशाही कोठाराचे अधिकारी दामाजीपंत. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली, तेव्हा पंतांनी हुकमाची वाट न बघता कोठार लुटवलं. बेदरहून त्यांना धरून न्यायला माणसं सुटली. इकडे पांडुरंग विठू महाराच्या रूपानं दरबारात गेला, धान्याची रक्कम मोजली आणि पावती घेतली. या कथेला इतिहासाचा आधार किती, ते संशोधकांनी पाहावं. मला तिच्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. ‘हे लोक आपापल्या कर्माची फळं भोगताहेत, मी मध्ये कशाला पडू?’ असं पंतांना म्हणता आलं असतं. शास्त्राचा आधारही मिळाला असता, आणि मान सुरक्षित राहिली असती. त्यांनी तसं म्हटलं नाही. देव आला तो त्यानंतर. कोठार उघडायला तो आला नाही; ती किल्ली माणसाच्या कमरेला होती. आणि आला तेव्हाही त्यानं हिशेब पुसला नाही, पदरचं घालून फेडला! पावतीसकट.

याच मंगळवेढ्याचे चोखोबा. गावकुसाचं बांधकाम करताना ते कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला. आपला हीन मानलेला जन्म म्हणजे पूर्वजन्मी केलेल्या कृष्णनिंदेचं फळ, असं त्यांच्या नावावरच्या एका अभंगात आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र हे मुकाट्यानं मानत नाही. आम्हाला असं का वागवलंस, म्हणून तो थेट विठोबाशीच भांडतो. मी मुलाच्या बाजूचा आहे. बापानं स्वतःपुरतं काढलेलं उत्तर गावानं त्याला वेशीबाहेर ठेवायला वापरलं, तर ते गावाचं क्रियमाण झालं. त्याचा जाब गावालाच द्यावा लागेल.

आपल्या खानापूर तालुक्यात १९८०च्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधायला घेतलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि पाण्यात भूमिहीनांचाही हक्क धरला. ही चळवळ काही टाळकऱ्यांची नव्हती, डाव्या विचारांची होती. पण कोरड्या पडलेल्या नदीकडं बोट दाखवून ‘आपलं प्रारब्ध’ म्हणत ते बसले नाहीत, एवढ्यापुरते ते मला दामाजीपंतांच्या वाटेवरचे वाटतात.

तेव्हा माउलींनो, ‘ज्याचे त्याचे भोग’ हे बोलणं स्वतःच्या दुखण्यापुरतं ठेवा. त्यानं धीर येत असेल तर जरूर म्हणा. शेजाऱ्याच्या दारात ते घेऊन जाऊ नका. जाताना पायलीभर ज्वारी न्या.