द्रवाचा दाब आणि दाबमापकावरील उदाहरणे
(विज्ञान-शिक्षकांपुढे हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय शालेय पदार्थविज्ञानातील एका लहानशा प्रकरणाचा आहे. द्रवाचा दाब आणि त्यावरील उदाहरणे हे प्रकरण मुलांना रुक्ष वाटते व परीक्षेत अनेक विद्यार्थी ते सोडून देतात. तथापि ज्या नगरीत आपण जमलो आहोत, तिचे जीवितच एके काळी या प्रकरणावर अवलंबून होते, हे ध्यानी घेतले तर त्याकडे पाहण्याची आपली दृष्टी पालटेल.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. हजारो माणसे वाहून गेली. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडाचा आश्रय घेतल्यामुळे सुमारे दीडशे जणांचे प्राण वाचले, असे सांगतात. पुढील वर्षी, १९०९ मध्ये, निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यास झाले होते, १८८४ पासून त्यांनी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सेवा केली होती आणि त्यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसविण्यात आले होते. पुराचे पाणी शहरात येण्यापूर्वीच वर अडवावे, ही त्यांच्या शिफारशींतील मुख्य गोष्ट होय. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पाणी अडवावयाचे म्हणजे भिंत उभी करणे आले, आणि भिंत किती जाड असावी हे ठरवावयाचे म्हणजे पाणी तिला किती रेटते हे काढणे आले. हाच प्रश्न नववी-दहावीच्या पुस्तकात ‘द्रवाचा दाब’ या मथळ्याखाली येतो.

प्रथम मूळ नियम पाहू. स्थिर द्रवातील एखाद्या बिंदूवरचा दाब हा पृष्ठभागापासूनची खोली, द्रवाची घनता आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराएवढा असतो. या गुणाकारात तलावाची लांबी-रुंदी कोठेही येत नाही. दहा मीटर खोल विहिरीच्या तळाशी जेवढा दाब असतो, तेवढाच दहा मीटर खोल सरोवराच्या तळाशी असतो, मग ते सरोवर क्षितिजापर्यंत पसरलेले का असेना. ‘एवढे मोठे पाणी भिंतीला ढकलते’ हा सर्वसामान्य समज होय. वस्तुतः भिंतीला ढकलते ती पाण्याची खोली.

आता हिशेब करू. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. म्हणून १० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला १० टन भाराइतका दाब असतो, आणि पृष्ठभागाशी पाण्याचा दाब शून्य असतो. मधला सरासरी दाब ५ टन. भिंतीची एक मीटर रुंदीची उभी पट्टी घेतली तर तिचे भिजलेले क्षेत्रफळ १० चौरस मीटर, म्हणजे तिच्यावरील एकूण रेटा ५० टन. हा रेटा तळाकडे वाढत जातो. त्यामुळे त्याचा परिणामी बिंदू मध्यावर न येता तळापासून एक-तृतीयांश उंचीवर, म्हणजे ३.३३ मीटरवर येतो. भिंत उलथविण्याची त्याची शक्ती, अर्थात आघूर्ण, सुमारे १६७ टन-मीटर होते.

समजा पाणी दोनच मीटर चढले व खोली १२ मीटर झाली. रेटा आता ७२ टन होतो आणि तो तळापासून ४ मीटरवर लागतो. आघूर्ण २८८ टन-मीटर. खोली वाढली एक-पंचमांशाने, परंतु भिंत उलथविणारे आघूर्ण पाऊणपटीच्या जवळपास वाढले. कारण रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि आघूर्ण घनाच्या प्रमाणात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याचा लोंढा खडकवासल्याच्या दगडी भिंतीवरून वाहिला आणि अखेर त्या भिंतीलाही खिंडार पडून पुणे शहरात हाहाकार झाला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. धरणाचे दरवाजे वेळेवर उघडण्याबाबत अधिकारी एवढे दक्ष का असतात आणि ‘आणखी दोन मीटर पाणी साठवले तर काय बिघडले’ ही मागणी का मान्य होत नाही, याचे उत्तर या घनाच्या नियमात आहे. नदीकाठच्या ग्रामस्थांनी धोक्याचा भोंगा ऐकताच गुरेढोरे व माणसे हलविली पाहिजेत, तेही याच कारणास्तव.

दाबाचा दुसरा गुण असा की, तो पृष्ठभागाला नेहमी लंबदिशेने लागतो. याचे सुंदर उदाहरण याच शहरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या मीर आलम तलावाचा बांध एकवीस अर्धवर्तुळाकार कमानींचा असून त्या कमानींचा फुगवटा पाण्याच्या बाजूस आहे. पाण्याचा दाब प्रत्येक कमानीला केंद्राकडे दाबतो. परिणामी दगडांत ताण उत्पन्न न होता संपीडन उत्पन्न होते, आणि दगड-चुन्याचे बांधकाम ताणाला कच्चे असले तरी संपीडनाला चांगले टिकते.

आता दाबमापकाकडे वळू. दाबमापक म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची, आत द्रव भरलेली नळी. हे यंत्र आपणांस नवे नाही. घराचा पाया एका पातळीत आणण्यासाठी गवंडी पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीची जी पाणसळ वापरतो, ती त्याच जातीची आहे. दोन्ही टोके उघडी असल्याने दोन्हीकडे हवेचा दाब सारखा, म्हणून पाणी एकाच पातळीत उभे राहते. एका टोकाला अधिक दाब दिला की तिकडचे पाणी खाली जाते व दुसरीकडचे वर चढते. पातळ्यांतील हा फरक म्हणजेच दाबाचे माप.

दाबमापकावरील कोणतेही उदाहरण सोडविताना विद्यार्थ्याने सूत्र आठवत बसू नये. नळीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मनाने चालत जावे आणि तीन नियम पाळावेत. पहिला, खाली उतरताना त्या त्या द्रवाचा दाब मिळवावा. दुसरा, वर चढताना तो वजा करावा. तिसरा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस समान पातळीवर एकदम उडी घेता येते, मात्र दोन्ही बिंदू त्याच एका अखंड व स्थिर द्रवात असले पाहिजेत. सर्वाधिक चुका तिसऱ्या नियमाच्या बाबतीत होतात. एका बाजूस तेल व दुसऱ्या बाजूस पाणी असताना केवळ पातळी समान म्हणून दाबही समान धरला, की पुढील सारे गणित फसते.

एक उदाहरण घेऊ. गावाच्या नळयोजनेतील मुख्य नळाला पाऱ्याचा दाबमापक जोडला आहे. सर्व तोट्या बंद असून पाणी स्थिर आहे. डाव्या भुजेत पाणी व पारा जेथे भेटतात ती पातळी नळाच्या मध्याच्या ६० सेंटिमीटर खाली आहे. उजव्या, उघड्या भुजेत पाऱ्याचा पृष्ठभाग त्या पातळीच्या ४० सेंटिमीटर वर आहे. तर नळातील दाब किती?

उजव्या उघड्या टोकापासून निघू. तेथे हवेचा दाब असतो. तो सर्वत्र सारखा असल्याने शून्य धरू. पाऱ्यातून ४० सेंटिमीटर खाली उतरलो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून हा दाब ५४४ सेंटिमीटर पाण्याएवढा. येथे आपण पाऱ्यात आहोत, म्हणून त्याच पातळीवर डावीकडे उडी घेता येईल. तेथून पाण्यातून ६० सेंटिमीटर वर चढलो, तेवढे वजा करू. उरले ४८४ सेंटिमीटर. म्हणजे नळातील दाब ४.८४ मीटर पाण्याच्या स्तंभाइतका, अर्थात सुमारे ४७,४०० पास्कल आहे.

या आकड्याचा अर्थ असा की, नळाच्या मध्यापासून ४.८४ मीटरहून उंच असलेल्या घराला पाणी मिळणार नाही. तोट्या उघडल्या की नळातील घर्षणामुळे दाब आणखी उतरतो, म्हणून प्रत्यक्षात मर्यादा याहूनही कमी. वरच्या आळीला पाणी येत नाही यावरून अनेक गावांत वाद होतात. जलकुंभ अधिक मोठा बांधून हा वाद मिटणार नाही. कुंभ उंचावर हवा. साठा किती दिवस पुरेल हे कुंभाच्या आकारमानावर ठरते, आणि पाणी किती उंच चढेल हे त्याच्या उंचीवर ठरते. ग्रामसभेत या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या गेल्या, तर निम्मा वाद तेथेच संपेल.

वरील उदाहरणात हवेचा दाब आपण दोन्हीकडून वगळला. प्रश्नात ‘निरपेक्ष दाब’ विचारला असेल, तर मात्र तो मिळविला पाहिजे. पुस्तकात तो ७६ सेंटिमीटर पारा असा दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीवरचा आकडा आहे. उस्मानसागराची पूर्ण पाणीपातळी समुद्रसपाटीपासून १,७९० फूट, म्हणजे सुमारे ५४५ मीटर आहे. इतक्या उंचीवर वायुभारमापकात पारा सुमारे ७१ सेंटिमीटरच चढतो. यामुळे विहिरीच्या काठावर बसविलेला पंप तत्त्वतः सुद्धा सुमारे ९.७ मीटरहून खोलचे पाणी ओढू शकत नाही, आणि व्यवहारात ही मर्यादा त्याहून पुष्कळच कमी असते. पंप पाणी ओढत नसतो. बाहेरची हवा ते वर ढकलते. अधिक अश्वशक्तीचा पंप घेऊन ही मर्यादा ओलांडता येत नाही. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की पंपच खाली उतरवावा लागतो.

आता शिक्षकांसाठी व्यवहाराची सूचना. पारा विषारी आहे व त्याची वाफ मेंदूस अपाय करते, म्हणून वर्गात पाऱ्याचा प्रयोग करू नये. पाऱ्याची उदाहरणे कागदावर सोडवावीत. प्रयोगासाठी दीड-दोन मीटर पारदर्शक नळी, पाणी, थोडा रंग आणि करडईचे तेल पुरेसे आहे. नळी फळ्यावर यू-आकारात बांधून पाणी भरावे आणि एका भुजेत हळूहळू तेल ओतावे. तेलाचा स्तंभ २५ सेंटिमीटर झाला, तर तेल व पाणी जेथे भेटतात त्या पातळीच्या वर दुसऱ्या भुजेतील पाणी सुमारे २३ सेंटिमीटर दिसेल. तेवीस भागिले पंचवीस, म्हणजे ०.९२, ही तेलाची सापेक्ष घनता. वजनकाट्याविना घनता निघते, हे पाहून मुलांना आनंद होतो आणि तिसरा नियमही कायमचा ठसतो.

उत्तर तपासण्याची सवयही लावावी. सेंटिमीटर व मीटर यांची सरमिसळ झाली तर उत्तर शंभर पटीने चुकते. वहीत ती चूक एका गुणाची असते, धरणाच्या आराखड्यात ती सहन होत नाही. म्हणून प्रत्येक उत्तर पाण्याच्या उंचीत बदलून ‘हे संभवनीय आहे काय’ असे विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे. गावच्या नळात चारशे मीटर पाण्याचा दाब निघाला, तर कोठेतरी चुकले हे त्याला आपोआप कळेल.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. तेथून येणारे शिक्षक आजही मुलांना घेऊन हे शहर पाहावयास येतात. चारमिनार व गोवळकोंडा दाखवून झाल्यावर त्यांनी मुलांना उस्मानसागराच्या बांधावरही न्यावे, आणि समोरच्या पाण्याची खोली अंदाजाने धरून एक मीटर रुंदीच्या पट्टीवरील रेटा त्यांना तेथेच काढावयास सांगावा. आपल्या पायांखालची भिंत किती टनांचा रेटा सोसून उभी आहे हे ज्या मुलाने स्वतः मोजले, त्याला हे प्रकरण पुन्हा शिकवावे लागणार नाही.