हरवलेले सहाशे फेरे

मोटारगाडी एका लयीत चालली असताना तिचा आवाज बदलला, की अनुभवी चालकाचा हात स्टिअरिंगवर आपोआप घट्ट होतो. रस्ता मोकळा असतो, पाय ॲक्सिलरेटरवर पूर्वीइतकाच असतो, आणि तरीही इंजिन एकाएकी चढ्या सुरात ओरडू लागते. दोनचार क्षणांनी ते पुन्हा शांतही होते. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडीने रेस घेतली’ असे म्हणतात. हा प्रसंग बाजारपेठेच्या गर्दीत घडला तर त्यातून फारसे काही बिघडत नाही. परंतु तोच हमरस्त्यावर, ताशी ८० किलोमीटरच्या वेगात आणि गाडीत दीड टन माल असताना घडला, म्हणजे त्याचे निदान हा जीविताचा प्रश्न होऊन बसतो.

रायपूर हे मालवाहू गाड्यांचे मोठे ठाणे आहे. सुरतेहून नागपूरमार्गे पूर्वेकडे जाणारा महामार्ग, पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा, याच शहरावरून जातो. धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव ही गावे घेत जगदलपूरला पोचणारा, पूर्वी ४३ आणि आता ३० क्रमांकाचा महामार्गही रायपूरवरूनच बस्तरकडे उतरतो. नागपूर आणि रायपूर यांचे नाते तर रस्त्यांच्या क्रमांकांहून पुष्कळ जुने आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड हा भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. पुढे १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले, तरी या रस्त्यांवरची मालाची आणि माणसांची ये-जा काही थांबली नाही. या वाहतुकीत आज मोठ्या ट्रकांच्या बरोबरीने लहान पिकअप गाड्या धावताना दिसतात.

समजा, अशीच एक पिकअप पहाटे रायपूरहून किराणा माल भरून जगदलपूरला निघाली आहे. कांकेर मागे पडते आणि पुढे केशकालचा घाट लागतो. एकापाठोपाठ एक अशी त्याची वळणे या रस्त्यावरच्या चालकांना तोंडपाठ असतात. पुढे एखादा जड ट्रक रांगत असला, की मागच्या गाडीला अर्धा क्लच दाबून, थांबत आणि सरकत चढावे लागते. घाट संपतो, गाडी सपाटीला लागते आणि वरच्या गिअरमध्ये पळू लागते. जेथे रस्ता दुपदरी आहे अशा ठिकाणी चालक पुढच्या ट्रकला मागे टाकण्यासाठी उजवीकडे येतो आणि ॲक्सिलरेटर दाबतो. इंजिन गरजते, गाडी मात्र जागच्या जागी असल्यासारखी ट्रकच्या बरोबरीनेच चालत राहते. समोरून बस येत असते. चालक पाय सैल करतो, ब्रेक लावतो, पुन्हा ट्रकच्या मागे येतो आणि वाचतो.

दुसऱ्या दिवशी रायपूरला परतल्यावर तो गाडी मिस्त्रीकडे नेतो. आता गाडी रिकामी असते. मिस्त्री तिला शहराबाहेर एक फेरी मारून आणतो आणि गाडीत काही दोष नसल्याचे सांगतो. मालकाला वाटते, चालकाला भास झाला असावा, किंवा त्यानेच चुकून जास्त पाय दिला असावा. चालकाचा शब्द खोटा पडतो आणि तीच गाडी पुन्हा भरून त्याच रस्त्याला लागते. या साऱ्या व्यवहारात एक साधा प्रश्न कोणी विचारलेला नसतो: इंजिनाचे फेरे वाढले, तेव्हा गाडीचा वेगही वाढला की नाही?

या प्रश्नाचे महत्त्व थोड्या अंकगणिताने ध्यानात येईल. साध्या, हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत एकदा गिअर पडला, की इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचे प्रमाण बांधलेले असते. दात्यांच्या चाकांचा तो हिशेब आहे. त्यात कमीजास्त होण्यास जागा नाही. वरच्या गिअरमध्ये गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली असताना इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर ३००० फेऱ्यांना त्याच गिअरमध्ये वेग १०० झालाच पाहिजे. आता फेऱ्यांचा काटा ३००० वर गेला आणि वेगाचा काटा ८० वरच राहिला, असे समजा. चाकांपर्यंत २४०० फेऱ्यांचाच हिशेब पोचला. मग उरलेले ६०० फेरे गेले कोठे?

ते क्लचमध्ये गेले. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्यावर क्लचची तबकडी जोरदार स्प्रिंगच्या दाबाने चिकटून बसलेली असते आणि दोघे एक होऊन फिरतात. हे ऐक्य केवळ घर्षणावर टिकलेले असते. तबकडीवरचे अस्तर झिजले, स्प्रिंगचा जोर ओसरला, किंवा इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून त्या अस्तरावर आले, म्हणजे पकड सुटू लागते. फ्लायव्हील पुढे निघून जाते, तबकडी मागे राहते आणि हरवलेल्या प्रत्येक फेऱ्याची उष्णता होते. जळक्या अस्तराचा जो उग्र वास चालकाला येतो, तो त्या हरवलेल्या फेऱ्यांचाच वास होय.

येथे कोणी अशी शंका काढील, की क्लच खराब असेल तर गाडी निघतानाच का अडत नाही? त्याचे उत्तर असे, की पकड एकदम नाहीशी होत नाही. ती हळूहळू उणी होते. हलक्या कामाला ती पुरते, भारी कामाला पुरत नाही. वरच्या गिअरमध्ये भरलेल्या गाडीला चढावर किंवा पुढे निघण्यासाठी जोर द्यावा लागतो, तेव्हा इंजिन आपली सारी शक्ती क्लचवर टाकते आणि रस्ता व वजन तिला तितक्याच नेटाने अडवतात. त्या क्षणी तबकडी घसरते. रिकाम्या गाडीत हा प्रसंगच येत नाही. म्हणून चालकाचा अनुभव खरा असतो, आणि मिस्त्रीची फेरीही प्रामाणिक असते. मात्र परीक्षा चुकीची झालेली असते. घाटात तापलेला क्लच सपाटीवर घसरला असेल, तर त्याची परीक्षा थंड आणि रिकाम्या गाडीत करून भागत नाही.

ती करण्याची रीत अवघड नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरच्या सुमाराला आणावी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. निरोगी क्लच असेल तर आवाज आणि वेग जोडीने, सावकाश वाढतात. क्लच घसरत असेल तर आवाज उडी घेतो आणि वेग मागे राहतो. ही परीक्षा भरलेल्या गाडीत झाली तर उत्तम. दोष सापडला, तरी लगेच तबकडी बदलून मोकळे होऊ नये. क्लचच्या पेडलला वरच्या बाजूस थोडी मोकळी चाल आहे की नाही, हे आधी पाहावे. ती नसेल तर तबकडी कधीच पूर्ण आवळली जात नाही, आणि नवी घातलेलीही थोड्याच दिवसांत जळते. गिअरबॉक्स उतरविल्यावर ऑइल सील कोरडे आहे का, हे तपासावे. फ्लायव्हीलला निळसर चट्टे पडले आहेत का, हेही पाहावे. आणि चालकाला गाडी चालविताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय असेल, तर तीही त्याच वेळी बदलावी. कारण त्या सवयीला कोणताही सुटा भाग पुरा पडत नाही.

स्वयंचलित गिअरच्या गाडीत मात्र हे अंकगणित जपून वापरावे लागते. तेथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने शक्ती पोचविणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. हमरस्त्याच्या वेगाला तो आतल्या कुलपाने घट्ट बांधला जातो आणि चढ लागताच ते कुलूप सुटते. तेव्हा काहीशे फेरे वाढावेत, किंवा गाडीने आपणहून खालचा गिअर घ्यावा, यात बिघाड नाही. परंतु सपाट रस्त्यावर, पाय स्थिर असताना असे वरचेवर होऊ लागले, तर गिअरबॉक्समधील तेलाची पातळी आणि रंग प्रथम पाहावा. ते काळवंडले असेल आणि त्याला जळका वास येत असेल, तर आतील पट्ट्या घसरू लागल्याची ती सूचना समजावी.

आता याच प्रश्नाचे दुसरे उत्तर पाहू. फेरे वाढले आणि त्यांच्याबरोबर वेगही वाढला, तर क्लच निर्दोष आहे. इंजिनाला कोणीतरी अधिक इंधन देत आहे. तो ‘कोणी’ शोधताना प्रथम पायाखाली पाहावे. सरकलेली चटई पेडलवर अडकते, जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल गंजून आपल्या नळीत रुतते, परत ओढणारी स्प्रिंग तुटते. अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा तेथील सरकारने चौकशी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता, की ज्या प्रसंगी गाडीत काहीच बिघाड सापडत नाही, त्यांतील बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेला असतो. या निष्कर्षाने चालकाला अपराधी ठरवू नये. तथापि, ही शक्यता त्याने स्वतःही मोकळ्या मनाने तपासावी. नव्या गाड्यांत केबलची जागा विजेच्या तारेने घेतली आहे. पेडलची हालचाल दोन संवेदक स्वतंत्रपणे मोजतात. दोघांची साक्ष जुळली नाही, तर गाडीचा संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो आणि दोषाची नोंद करून ठेवतो. ती नोंद वाचल्याखेरीज अशा गाडीचा एकही भाग बदलू नये.

तिसरा प्रकार विरळा, पण सर्वांत भयंकर आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबली गेली, ती तापली आणि तिच्यात इंधन मिसळले, की ते पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे ज्या इंजिनाची यशस्वी परीक्षा करून दाखविली, त्याचे मर्म हेच होते. पण हा गुण कधी उलटतो. टर्बोचे सील फुटून वंगणाचे तेल हवेच्या वाटेने इंजिनात शिरले, तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. मग फेऱ्यांना लगाम राहत नाही. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला, तेव्हापासून यंत्राचा वेग आवरण्याची युक्ती माणसाच्या हाती आहे. परंतु नियामक केवळ आपल्या हातून जाणारे इंधन आवरू शकतो, चोरवाटेने आलेले तेल नव्हे. म्हणून चावी बंद केली तरी असे इंजिन थांबत नाही. मागे निळसर-पांढऱ्या धुराचे लोट दिसतात. गाडी थांबवून, वरचा गिअर टाकून, ब्रेक पक्का दाबून क्लच सोडल्यास ते गुदमरून बंद पडते. ते न साधल्यास माणसांनी गाडीपासून दूर व्हावे. इंजिन पुन्हा घेता येते.

कारण कोणतेही असो, चालत्या गाडीत निदान करीत बसू नये. ब्रेक एकदाच, पक्का दाबावा. पुन्हापुन्हा पंप करू नये. क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावी. इंजिन ओरडले तर ओरडू द्यावे. गाडी डाव्या कडेला उभी राहिल्यावरच चावी फिरवावी, कारण धावत्या गाडीत चावी काढली तर स्टिअरिंगला कुलूप पडते.

आणि मग, हात स्थिर झाल्यावर, चालकाने पाच गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात: कोणता गिअर होता, दोन्ही काटे कोठे होते, गाडी भरलेली होती की रिकामी, रस्ता चढाचा होता की सपाट, आणि धूर किंवा वास आला की नाही. हे कागदाचे चिठोरे हाती असले, म्हणजे रायपूरच्या गॅरेजमधला मिस्त्री केशकालच्या घाटापलीकडे घडलेली गोष्ट जणू डोळ्यांनी पाहू शकतो. ते नसले, म्हणजे तो अंदाजाने आज एक भाग बदलतो, उद्या दुसरा. मालकाचा पैसा जातो आणि दोष गाडीतच राहतो.

गाडीतल्या दोषाची पहिली साक्ष चालकाच्या कानाला मिळते, आणि ती बहुधा त्याला एकट्यालाच मिळते. “गाडी रेस घेते, पण पळत नाही,” एवढे त्याचे साधे वाक्य खरे मानून मालकाने आणि मिस्त्रीने पुढचा प्रश्न विचारला, तर हरवलेले सहाशे फेरे सापडण्यास एक दिवस पुरतो. ते वाक्य हसण्यावारी नेले, तर पुढच्या खेपेला भरलेली गाडी घेऊन त्याच दुपदरी रस्त्यावर पुन्हा त्याच चालकाला जावे लागते.