मंत्र्यांच्या मोटारी आणि रयतेचा पैसा

(शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



तुम्ही दिवसभराचें काम टाकून येथें आलांत. कोणी पाण्याची पाळी सोडून आला, कोणी भात्यावरचा विस्तव झांकून आला. तेव्हां फुकट पाल्हाळ लावून तुमचा वेळ खाण्याचा आमचा विचार नाहीं. विषय एकच आहे, आणि तो तुमच्या रोजच्या रस्त्यावरून धुरळा उडवीत जाणारा आहे. मंत्र्यांस सरकारी खर्चानें ज्या मोटारी मिळतात त्या किती असाव्यात, केवढ्या किंमतीच्या असाव्यात आणि त्यांत कोणीं बसावें, हें आज बोलावयाचें आहे.

हा विषय आम्हांस पुस्तकांतून सुचला नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चौदा घरांचें सकाळचें दूध कॅनांत भरून आम्ही टेंपोनें संकलन केंद्राकडे निघालों होतों. नाक्यावर पोलिसांनीं रस्ता अडविला. कोणी मंत्री उद्घाटनास येणार होते. अर्धा तास गेला, तास गेला, ऊन डोक्यावर आलें. आमच्यामागें एस.टी. उभी होती, तींत परीक्षेस निघालेलीं पोरें होतीं. त्यांतल्या दोघी मुली रडूं लागल्या तेव्हां कंडक्टर उतरून पोलिसांच्या विनवण्या करूं लागला. शेवटीं मोटारी आल्या. आमच्यांतल्या एका म्हाताऱ्या सुतारबाबांनीं बोटांवर मोजल्या, अकरा भरल्या. मंत्री कोणत्या मोटारींत होते हें काळ्या कांचांमुळें कोणासच कळलें नाहीं. केंद्रावर पोहोंचलों तों दूध फाटलेलें. तें परत आलें, आणि चौदा घरांची त्या दिवसाची कमाई ओढ्यांत गेली. केंद्रावरच्या माणसाचा यांत दोष नाहीं. फाटलेलें दूध तो तरी कसा घेणार?

आतां कोणी म्हणेल, मंत्री झाला म्हणजे मोटार हवीच. तुम्हांस पोटदुखी कां? तर पहिली गोष्ट ही कीं, मोटार आमचीच आहे. आपल्या लोकांत एक मोठा गैरसमज आहे कीं, कर भरतो तो शहरांतला पगारदार, आणि आपण शेतकरी, लोहार, कुंभार, चांभार हे सरकारचें खाणारे. हा गैरसमज ज्यांनीं पसरविला त्यांस तो फायद्याचा आहे. अहो, तुम्ही अंगाचा साबण घेतां त्यावर कर आहे, रंध्याचें पातें घेतां त्यावर कर आहे. डिझेल तर जी.एस.टी.च्या बाहेर ठेविलें आहे ; त्यावर केंद्राचें उत्पादनशुल्क वेगळें आणि राज्याचा व्हॅट वेगळा. नांगरटीच्या ट्रॅक्टरमध्यें तुम्ही डिझेल ओततां तेव्हां मंत्र्याच्या मोटारीच्या टाकींतही आपला वांटा ओततां. मग त्या मोटारीचा हिशेब विचारणें यांत मत्सर कोठें आला ? गडी मालकास हिशेब देतो, मालक गड्यास देत नाहीं.

आणि ही विचारणा आजची नाहीं. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचा होता. त्याच्या स्वागतासाठीं म्युनिसिपालटीच्या पैशांतून एक हजार रुपये खर्चावे असें ठरलें. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीराव फुल्यांनीं विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावा, असें त्यांचें म्हणणें. एकत्तीस माना एका बाजूस हालल्या आणि एक ताठ राहिली. त्या एकतीस जणांचीं नांवें आज आपल्यापैकीं कोणास पाठ आहेत ?

पुढें १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसनें ठराव केला कीं, सरकारी नोकरास सामान्यतः महिना ५०० रुपयांहून अधिक पगार असूं नये. १९३७ सालीं प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं आणि मंत्र्यांनीं पगार ५०० रुपयेच घेतला. साहेबांच्या काळीं वरिष्ठांचे पगार हजारांनीं मोजले जात, त्या मानानें ही गोष्ट थोर होती, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु त्या साधेपणांतही एक फट राहून गेली होती. राहावयास घर आणि फिरावयास वाहन हें पगाराखेरीज सरकारनें द्यावें असें ठरलें. फट लहान होती. पण उंदीर शिरावयास लहान फटच पुरते, आणि पुढें धान्याचें पोतें कसें रिकामें झालें हें घरच्या बाईसही उशिरां कळतें.

येथें एक गोष्ट सांगितली नाहीं तर आम्ही लबाड ठरूं. त्याच १९३७ सालीं मुंबईच्या असेंब्लींत मंत्र्यांच्या पगाराचें बिल आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ५०० रुपयांच्या साधेपणावर टाळ्या वाजविल्या नाहींत. पगार ठरवितांना माणसाची लायकी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता यांचाही विचार केला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. तिचा अर्थ आम्ही आमच्या भाषेंत असा लावितों : मंत्र्याचा पगार आणि सोयी अगदींच तोडल्या, तर ज्याच्या घरीं आधींच जमीनजुमला किंवा कारखाना आहे तोच मंत्री होईल. मांगवाड्यांतला किंवा धनगराच्या वाड्यावरचा हुशार मुलगा निवडून आला तर तो मंत्रालयांत कशानें जाणार ? म्हणून सभेंत ज्यांनीं मघाशीं ओरड केली कीं, सगळ्या मोटारी लिलावांत काढा, त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. कामाला मोटार द्या. पुराच्या वेळीं, आगीच्या वेळीं मंत्र्यास वेळेवर पोहोंचावयास मोटार पाहिजेच. आमचें भांडण मिरवणुकीशीं आहे.

मिरवणुकीचें पहिलें भूषण म्हणजे तो लाल दिवा. तो कोणाच्या टपावर नव्हता ! राज्य सरकारांनीं याद्या लांबवीत लांबवीत महामंडळांच्या अध्यक्षांपर्यंत नेल्या. डिसेंबर २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें याद्यांस कात्री लावा म्हणून सांगितलें. दिवा असेल तो घटनेनें नेमलेल्या मोठ्या पदांपुरता. तरी याद्या जिवंतच. मग १९ एप्रिल २०१७ रोजीं केंद्राच्या मंत्रिमंडळानें निर्णय केला आणि १ मे २०१७ पासून राष्ट्रपतींपासून खालपर्यंत सर्वांचे दिवे उतरले. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, पोलीस अशा निकडीच्या गाड्यांस तेवढी मोकळीक राहिली. त्या वेळीं आमच्या गांवांत पेढे वांटले होते हें आम्हांस आठवतें. आज पेढ्यांचे पैसे वाया गेले असें वाटतें. दिवा उतरला, पण त्याच्याखालची मोटार उलट फुगली. मागेंपुढें धांवणाऱ्या गाड्या तशाच राहिल्या, आणि नाक्यावरचा पोलीस अजून दुधाचा टेंपो अडवितोच.

आंकडे ऐका. २०२० सालीं महामारीनें राज्याची तिजोरी रिकामी झाली. ४ मे २०२० रोजीं सरकारनें हुकूम काढला कीं, विकासाच्या योजनांवर यंदा फक्त ३३ टक्के पैसा मिळेल, नवी खरेदी बंद, नवी भरती बंद. दोन महिने झाले नाहींत तोंच, जुलैमध्यें, खास बाब म्हणून सहा मोटारींस मंजुरी मिळाली. एकेकीची किंमत २२ लाख ८३ हजार रुपये. त्या वेळीं किंमतीची मर्यादा होती २० लाख. मर्यादा मोडणें सोपें नव्हतें म्हणूनच ती ‘खास बाब’ झाली ! पुढें दुसऱ्या पक्षांचें राज्य आलें, तेव्हां सप्टेंबर २०२५ मध्यें मर्यादाच वाढविली गेली आणि मंत्र्यांच्या मोटारीस ३० लाखांपर्यंत मोकळीक झाली. त्याच महिन्यांत मराठवाड्यांत अतिवृष्टीनें शेतांतली माती वाहून जात होती. पक्ष बदलला, झेंडा बदलला. मोटारीच्या बाबतींत मात्र सर्वांचें एकमत. एवढें एकमत हमीभावाच्या प्रश्नावर झालें असतें तर !

सरकारचे वकील यावर ठरलेलें उत्तर देतात. राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरांत गेला. त्यांत मोटारींचा खर्च म्हणजे समुद्रांतलें घागरभर पाणी, तेवढें वांचवून काय होणार? हिशेब म्हणून हें खरें आहे, आम्ही तें नाकारीत नाहीं. घटनेच्या २००३ सालच्या ९१ व्या दुरुस्तीप्रमाणें मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर जाऊं शकत नाहीं. आपल्या २८८ आमदारांस ४३ मंत्री. त्रेचाळीस माणसांच्या मोटारींनीं राज्य बुडत नाहीं. पण काळ्या कांचेच्या आंत, थंड हवेंत बसलेल्यास खड्डा लागत नाहीं, ही खरी नुकसानी आहे. ज्यास खड्डा लागत नाहीं तो खड्डा बुजवील कशाला ? १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धांवली, ती रयतेची गाडी म्हणून. १७ मार्च २०२३ पासून तींत बायकांस अर्धें तिकीट झालें, हें चांगलेंच झालें. पण आमच्या वाडीची संध्याकाळची फेरी बंद पडली आहे. गाडीच येत नाहीं तर अर्धें तिकीट कशाचें फाडावयाचें? एस.टी.चें भाडें आणि फेऱ्या ज्यांच्या हातांत आहेत, त्यांपैकीं कोणी शेवटचा एस.टी.च्या थांब्यावर कधीं उभा राहिला होता, एवढेंच आम्ही विचारतों.

हें कोठें झालेंच नाहीं असें नाहीं. आयर्लंड हा आपल्यासारखाच इंग्रजांच्या ताब्यांतून सुटलेला, शेतकऱ्यांचा देश. २०१० च्या अखेरीस त्याचें दिवाळें वाजावयाची वेळ आली आणि बाहेरून कर्ज घ्यावें लागलें. २०११ सालीं नवें सरकार आलें, त्यानें पंतप्रधान, उपपंतप्रधान आणि न्यायमंत्री एवढे सोडून बाकीच्या मंत्र्यांच्या सरकारी मोटारी व पोलीस ड्रायव्हर काढून घेतले. स्वतःची गाडी वापरा, कामाच्या प्रवासाचा मैलाप्रमाणें भत्ता घ्या, असें सांगितलें. विलायतेंतही २०१० सालीं खर्च तोडतांना मंत्र्यांस हुकूम झाला कीं, शक्य तेथें पायीं किंवा रेल्वेनें-बसनें जा, प्रत्येकास राखीव मोटार मिळणार नाहीं. आणि दक्षिण अमेरिकेंतल्या उरुग्वे देशाचा मुहिका नांवाचा अध्यक्ष २०१० पासून २०१५ पर्यंत राज्य करीत असतांना १९८७ सालची आपली जुनी छोटी फोक्सवॅगन बाळगून होता. यांपैकीं कोणताही देश मोटारीवांचून मोडला नाहीं.

आतां घरचें बोलूं. हें बोलणें कांहींजणांस झोंबेल, पण तें टाळलें तर येथें उभें राहण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. मोटारींत बसणारे आज परके आहेत काय ? नाहींत. ते आपल्याच जातींचे, आपल्याच भावकींतले, आपल्याच मतांनीं मोठे झालेले आहेत. पूर्वीं पालखींतून जाणाऱ्यास आपले वाडवडील वांकून रामराम करीत. आज मोटार आली कीं आपण हार घेऊन धांवतों, आणि पुढारी एस.टी.नें आला तर म्हणतों, “याचें कांहीं वजन दिसत नाहीं !” सांगा, हें खोटें आहे काय ? कारखान्याचा चेअरमन, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, बाजार समितीचा सभापति यांनीं मंत्र्याची नक्कल केली ती आपणच टाळ्या वाजविल्या म्हणून. कारखान्याची मोटार चेअरमनसाहेबांच्या मुलीच्या लग्नांत पाहुणे आणावयास धांवते तेव्हां तिचें डिझेल तुमच्या उंसाच्या बिलांतून जातें.

मग करावयाचें काय ? आमची मागणी लांबलचक नाहीं. एका मंत्र्यास एक मोटार. किंमतीची मर्यादा पुन्हां खालीं आणावी आणि ‘खास बाब’ हा शब्द त्या हुकुमांतून कायमचा काढावा. महामंडळांच्या अध्यक्षांस बैठकीच्या दिवशीं भत्ता पुरे. घरच्या माणसांनीं सरकारी मोटारींत पाय ठेवूं नये. संरक्षण खरेंच लागत असेल तें पोलिसांनीं ठरवावें, पण त्यासाठीं बाजाराच्या दिवशीं रस्ता तासभर अडवूं नये. आणि प्रत्येक सरकारी मोटारीचें लॉगबुक, म्हणजे ड्रायव्हर कोठून कोठें गेला, किती किलोमीटर, किती डिझेल, हें लिहितो ती वही, दर महिन्यास लोकांपुढें यावी.

ती वही मागण्यासाठीं मंत्र्याच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं. २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज लिहावयाचा, दहा रुपये फी भरावयाची. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबास तीही नाहीं. तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास भाग आहे, न दिलें तर वर अपील करतां येतें. माहिती कशाला पाहिजे हें सांगण्याची जरूर नाहीं.

आम्हीं पहिला अर्ज लिहून आणला आहे. तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी मोटारींच्या गेल्या एक वर्षाच्या लॉगबुकाविषयीं आहे. दुसरा, वाडीची संध्याकाळची फेरी कोणाच्या हुकुमानें बंद झाली याविषयीं, तो एस.टी.च्या आगाराकडे जाईल. अर्ज एकेकाच्या नांवानें द्यावा लागतो, म्हणून दोघेजण पाहिजेत. आणि त्यांतली एक बाई असावी, कारण त्या फेरीनें दवाखान्यांतून आणि बाजारांतून परत येत होत्या त्या बायकाच. सभा संपल्यावर आम्ही लोहारांच्या भात्यापाशीं बसलेले आहों. ज्यांस नांव द्यावयाचें असेल त्यांनीं तेथें यावें, आणि येतांना दहाची नोट सोबत आणावी.