धावत्या वाहनातील नोंदवही

(सोलापूर येथे अभियांत्रिकी व औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



सोलापूर हे गिरण्यांचे आणि चादरींचे शहर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. मोटार-उद्योगाच्या नकाशावरही त्याने आपले स्थान निर्माण केले आहे. 1992 साली येथे स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कॅमशाफ्ट देशी-विदेशी मोटारींच्या इंजिनांत बसतात. आपल्या गावात घडलेला भाग ज्या वाहनात बसतो, त्या वाहनाची परीक्षा कशी होते आणि त्या परीक्षेवर कशाच्या आधारे विश्वास ठेवावा, हा आजचा विषय आहे.

परीक्षेची परंपरा

या शास्त्राचा प्रारंभ रेल्वेपासून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाड्यांचे आस अकस्मात मोडून अपघात होत असत. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी स्वतः तयार केलेली मापके आसांना जोडली आणि प्रत्यक्ष धावत्या गाडीत त्यांवर किती भार येतो, हे नोंदविले. एका दमात मोडण्यास लागणाऱ्या भारापेक्षा कितीतरी कमी भारही लाखो वेळा पडला, तर धातू थकतो व तुटतो, हे त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले.

भारतात हे कार्य प्रामुख्याने पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था 1966 पासून करीत आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था अहिल्यानगर येथे आहे. इंदूरजवळ पीथमपूर येथे 11.3 किलोमीटर लांबीचा अतिवेगवान चाचणीमार्ग 2021 मध्ये खुला झाला.

संवेदक आणि नोंदयंत्र

चाचणीच्या वाहनात जागोजागी संवेदक बसविलेले असतात. पाट्याच्या स्प्रिंगवर चिकटविलेली ताणमापक पट्टी धातूबरोबर किंचित ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. आसावरील त्वरणमापक खड्ड्याचा धक्का टिपतो. दोन भिन्न धातूंच्या तारांचे तापयुग्म इंजिनची उष्णता सांगते. या सर्वांचे विद्युतसंकेत वाहनातील नोंदयंत्र, म्हणजे डेटा लॉगर, एकाच घड्याळाबरहुकूम साठवून ठेवतो. बॉश कंपनीने 1986 साली मांडलेल्या 'कॅन' या संदेशपद्धतीमुळे वाहनाच्या स्वतःच्या संगणकांमधील माहितीही त्याच नोंदीत घेता येते.

नोंद किती वेगाने घ्यावी, हा येथील कळीचा प्रश्न आहे. पाण्याचे तापमान सेकंदाला एकदा मोजले तरी चालते. परंतु इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे सेकंदाला 25 फेरे घेतो. तेथील हालचाल सेकंदाला हजारो वेळा मोजल्याविना तिचे स्वरूप उमगत नाही. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, ते कॅमेऱ्याची नोंद चाकाच्या मानाने मंद असल्यामुळे. मंद नोंदयंत्रही असाच भ्रम उत्पन्न करते.

वेग वाढला की माहितीचा डोंगर उभा राहतो. 32 संवेदकांच्या सेकंदाला प्रत्येकी 1,000 नोंदी घेतल्या, तर एका तासात 11 कोटी 52 लाख आकडे जमतात. त्यांतून लहानमोठ्या भारांची आवर्तने मोजण्याची रीत जपानमध्ये 1968 साली मात्सुइशी व एंडो यांनी मांडली. छपरांवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्याची उपमा घेऊन तिला 'पर्जन्यप्रवाह' पद्धती म्हणतात.

नोंदीचा प्रामाणिकपणा

यंत्र कितीही उत्तम असले, तरी नोंदीचे मोल ती घेणाऱ्या माणसावर अवलंबून असते. पट्टीखालचा धातू नीट घासून स्वच्छ केला आहे काय? तारा बांधल्या आहेत, की हेलकावत आहेत? चाचणीपूर्वी व चाचणीनंतर शून्य तपासले काय? वाहनातील वजन, टायरमधील हवा आणि रस्त्याची अवस्था लिहून ठेवली काय? हे प्रश्न सामान्य वाटतात; पण यांतील एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर कोट्यवधी आकडे निरुपयोगी ठरतात. मूळ नोंद तर कधीच पुसू नये. गैरसोयीचा आकडा चूक समजून खोडण्याचा मोह अभियंत्याने निग्रहाने टाळला पाहिजे.

याचे महत्त्व पटविणारी घटना जगाच्या स्मरणात आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूरमापक उपकरणे मोटारीत ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत एका डिझेल मोटारीतून नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या 15 ते 35 पट बाहेर पडत असल्याचे आढळले. प्रयोगशाळेत हीच मोटार उत्तीर्ण होत होती. चाचणी चालू आहे हे ओळखणारी आज्ञावली फोक्सवॅगन कंपनीने मोटारींत घातल्याचे 2015 मध्ये उघड झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातील सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात येतील, असे कंपनीने जाहीर केले. भारतात 1 एप्रिल 2023 पासून भारत स्टेज 6 च्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जनाची कसोटी लागू झाली आहे. सामान्य माणसाच्या श्वासाचे रक्षण अशा नोंदींवर अवलंबून आहे.

सोलापूरचा वाटा

आपल्या जिल्ह्याची परिस्थिती लक्षात घ्या. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. गाळपाच्या हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर कारखान्यांकडे जातात. पुणे-हैदराबाद महामार्गावर अवजड वाहतूक रात्रंदिवस चालू असते. थंड हवेच्या देशातील गुळगुळीत रस्त्यावर घेतलेली नोंद या ट्रॉलीच्या जोडदांड्यावर येणारा ताण सांगू शकणार नाही. तो दांडा भर रस्त्यात तुटला, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते. येथील ऊन, येथील रस्ता आणि येथील भार यांची नोंद येथेच झाली पाहिजे.

हे काम करण्यासाठी ताणमापक पट्टी कशी चिकटवावी, तार कशी डाखावी आणि आलेखातील खरा धक्का व तारेचा खडखडाट कसा वेगळा ओळखावा, हे ज्ञान हातांत मुरले पाहिजे. ते तुम्ही कार्यशाळेत आत्मसात करा. वाहनात बसणारा प्रवासी तुमची नोंदवही कधी पाहणार नाही. परंतु त्याचा प्रवास तिच्याच भरवशावर होत असतो. हा भरवसा सार्थ करण्याचे सामर्थ्य तुम्हांला लाभो, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.