जुने इंजिन आणि आपला भाव
(पळसदेव येथील भाषण)



पुणे-सोलापूर रस्त्यावर काळा धूर सोडत जाणारा जुना ट्रक आपल्या ओळखीचा. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. त्या घराण्यातल्या सहा सिलिंडरच्या इंजिनांनी देशाचा माल वाहिला. पंप, नोझल, पिस्टन-रिंग, सगळे गावचा मिस्त्री खोलून बसवी.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाडीला बीएस-6 लागले. धूर कमी झाला, हे चांगलेच. तो आपल्याच पोरांच्या छातीत जात होता. पण सेन्सर आले, संगणक आला, युरियाचे पाणी आले, किंमत वाढली. 1 एप्रिल 2022 ला 15 वर्षांवरच्या अवजड गाडीच्या फिटनेसची फी 12,500 रुपये केली.

ट्रकवाला हा खर्च भाड्यात घालतो. व्यापारी ते भाडे कापसाच्या, ज्वारीच्या भावातून कापतो. कापायला आपल्या खाली कोणी नाही!

म्हणून उत्पादनखर्च मांडताना वाहतूक धरा. चौघांचा माल एका गाडीत भरा. क्विंटलमागे भाडे लिहून घ्या आणि व्यापाऱ्याने कापलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा.