यकृताच्या वेशीवरचे पहारेकरी
(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा हुकूम होता, ‘डॉक्टर, आरोग्यावर दहा मिनिटं बोल, पण साखर आणि बीपी नको, ते रोजच ऐकतो.’ म्हणून दारू आणि यकृत हा विषय निवडला. जेवणाआधीच हे काढलं म्हणून दोघा-तिघांनी आत्ताच डोळे वटारलेत, ते मला इथून दिसतंय!

मला उपदेश करायचा नाही. पण यकृत बिघडून येणाऱ्या रुग्णांत आपल्याच वयाचे, नोकरी-धंद्यात नीट असलेले, घर सांभाळणारे लोक खूप असतात. ‘डॉक्टर, मी काही दारुडा नाही,’ हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण यकृत हा हिशेब वेगळ्या पद्धतीनं मांडतं.

दारू यकृत जाळते, असं आपण ऐकत आलो. ते अर्धं खरं आहे. यकृतात दारूचं रूपांतर ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात होतं आणि तो पेशींना इजा करतो. उरलेलं अर्धं नुकसान मात्र आपल्याच शरीराचे सैनिक करतात.

आपलं शहर बावन्न दरवाजांचं. पैठण गेट, मकई गेट बांधले ते आत कोण येतं यावर नजर राहावी म्हणून. यकृत तसंच वेशीवर बसलंय. आतड्यातून निघालेलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी यकृतात येतं आणि मग शरीरभर जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश याच वाटेनं येतं. तिथं पहारा करतात कुप्फर पेशी. आतड्यातून निसटलेले जंतू आणि त्यांचे तुकडे त्या गिळून टाकतात. एरवी हे काम गुपचूप चालतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

रोजच्या दारूनं आतड्याचं अस्तर सैल होतं. जंतूंच्या आवरणाचे तुकडे मोठ्या प्रमाणात रक्तात शिरतात. कुप्फर पेशींच्या अंगावर ते ओळखणारा एक संवेदक असतो, टीएलआर-४. हा संवेदक नेमकं काय ओळखतो, ते ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं १९९८ साली दाखवलं. २०११ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी. हा संवेदक सतत वाजत राहिला की पहारेकरी खवळतात, टीएनएफसारखी रसायनं सोडतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची कुमक बोलावतात. चोर एखाददुसरा, पण गोळीबार सगळ्या वस्तीवर. यकृताला सूज येते ती अशी. या धुमश्चक्रीत यकृतातल्या ताराकृती पेशीही जाग्या होतात आणि चिवट तंतू विणू लागतात. वर्षानुवर्षं असे व्रण साठत गेले की त्याला आपण सिरॉसिस म्हणतो.

यातली विचित्र गोष्ट अशी, की खवळलेलं हे सैन्य खऱ्या लढाईला मात्र थकलेलं असतं. दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेला माणूस गंभीर असेल, तर महिन्याभरात दगावू शकतो, आणि अनेकदा शेवटचा घाव साध्या जंतुसंसर्गाचा असतो. अशा निवडक रुग्णांना आम्ही स्टेरॉइड देतो, म्हणजे त्यांच्याच सैन्याला आवरतो. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आणि संसर्गाची भीती वाढते ती वेगळीच. दारू थांबवण्याला पर्याय ठरेल असं औषध आजही आमच्याकडे नाही.

आता चांगली बातमी. दारू बंद झाली की आतड्याचं अस्तर सावरतं आणि पहारेकरी शांत होऊ लागतात. यकृतात नुसती चरबी साठली असेल, तर काही आठवड्यांत ती बहुधा उतरते. सूज कमी होते. थोडे व्रण असतील तर तेही मागे हटू शकतात. सिरॉसिस झालेल्या माणसाचं आयुष्यसुद्धा दारू सोडल्यानं वाढतं. अडचण एवढीच, की यकृत बोलत नाही. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, म्हणजे बराच उशीर झालेला असतो. म्हणून नियमित घेणाऱ्यांनी त्रास नसतानाच रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी, गरज पडली तर फायब्रोस्कॅन.

‘मी फक्त बिअर घेतो,’ हे वाळूजला बिअरचे कारखाने असलेल्या आपल्या गावात फार ऐकू येतं. हिशेब करा. ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या एका पेगमध्ये ते २० ग्रॅम असतं. म्हणजे एक बाटली दोन लार्ज पेगांएवढी! कुप्फर पेशी लेबल वाचत नाहीत. मैत्रिणींनो, स्त्रियांच्या यकृताला याहून कमी दारूही बाधते.

एक इशारा. जो रोज आणि भरपूर पितो, त्यानं एका दिवसात स्वतःच्या मनानं दारू तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं. घाटीत मानसोपचार विभाग आहे. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथं जाण्यात लाज कसली? मोतीबिंदू काढायला जाताना आपण लाजतो का?

शेवटी एक मागणं. आपण वर्षाकाठी भेटतो तेव्हा ‘एक घे रे, आपलीच माणसं आहेत,’ असा आग्रह होतो. ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका, त्याची थट्टा करू नका. कदाचित त्यानं तीन आठवड्यांपूर्वीच सोडलेली असेल, आणि त्याच्या यकृतातले पहारेकरी आत्ता कुठे शांत होत असतील. त्याच्या हातात सरबताचा ग्लास द्या आणि गप्पा मारा. पुढच्या मेळाव्याच्या फोटोत आपण सगळे असावेत, एवढीच इच्छा.

सर, बाई, तुम्ही वर्गात लावलेल्या शिस्तीत मी दहा मिनिटांत संपवलंय.