यंत्र, मजुरी आणि करार



यंत्र आले की माणूस जातो, असे कामगार म्हणतो. यंत्र आले की संपत्ती वाढते, असे अर्थशास्त्री म्हणतात. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आम्ही मुंबईच्या साचेखात्याच्या इतिहासातून शिकलो.

साचा म्हणजे माग. दोन साचे चालवणाऱ्या विणकराला तीन द्यावेत, ही मालकांची योजना १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाचे एक मोठे कारण होती. कामगारांचा सवाल साधा होता : वाचलेला खर्च कोणाच्या पदरात पडणार? आणि ज्याचे साचे दुसऱ्याकडे गेले, त्याने जायचे कोठे?

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक व कामगार यांनी याचे उत्तर एकमताने दिले. सुधारणा जरूर करावी. पण असलेल्या कामगाराची नोकरी व कमाई जाऊ नये, कामाचा बोजा तज्ज्ञांनी मोजावा आणि लाभ तिघांत, म्हणजे मालक, कामगार व समाज यांत, न्यायाने वाटावा. उत्तर चांगले होते; पण तो ठराव होता, कायदा नव्हे.

पुढे घडले ते निराळेच. गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे भिवंडीच्या शेडांत जाऊन बसले. गिरणीत आठ तासांची पाळी, महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड. शेडमध्ये बारा तास आणि मीटरवर मजुरी. १८ जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर तर काम झपाट्याने शेडांकडे वळले. म्हणजे आपल्या देशात नव्या यंत्राने नोकरी जाते, तशी जुन्या यंत्रानेही जाते! दाराबाहेर दहा माणसे उभी असली की आतल्या माणसाचा भाव उतरतो; आणि माणूस स्वस्त असला की नव्या यंत्रात पैसा घालतो कोण?

यात आम्हा संघटनावाल्यांचाही दोष आहे. आम्ही गिरणीचे फाटक राखीत बसलो. शेडमधल्या कामगाराकडे आम्ही उशिरा वळलो. त्याची मजुरी पडू दिली, तेव्हाच गिरणीतली मजुरीही पडली होती.

आज इचलकरंजीत बिनधोट्याचे माग आले आहेत. त्यांना विरोध करा, असे आम्ही सांगणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, करार यंत्राच्या आधी व्हावा, आणि तो शेडमधल्या शेवटच्या माणसालाही लागू असावा. यंत्र एकदा बसले की बोलणी करायला कामगाराच्या हाती काही उरत नाही.